कमरोद्दीन चाचांचं परसों

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
४ डिसेंबर

भूषण,

जय भीम. तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही. एकच विचारायचंय. परवा तू गावात आला होतास, तर घरी का आला नाहीस?

आता नाही म्हणू नकोस. मला कमरोद्दीन चाचांनी सांगितलंय आणि त्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार?

फोनच केला असता. पण तुझा जुना नंबर बंद आणि व्हॉट्सॲपवर माय गेल्यापासून माझ्या मेसेजपुढं एकच टिक. शेवटी रूपालीच्या आईला जालन्याला फोन लावला. सख्ख्या भावाचा पत्ता त्याच्या सासूकडं मागताना मला किती लाज वाटली, ते तुला नाय कळायचं. त्या बिचारीनं काही विचारलं नाही. सुरतचा पत्ता सांगितला, वर म्हणाली, "लिहा ताई, लिहा." म्हणजे तिलाही सगळं माहीत आहे. सगळ्यांना सगळं माहीत असतं, मीच एक येडी.

तर झालं असं. मी बदली करून घेऊन करमाडच्या शाळेवर आले, अण्णांजवळ राहते, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. तुझा दाजी राजकुमार फर्दापूरला त्याचं दुकान बघतो, रविवारी येतो. शाळेला जायला अण्णांची गाडी वापरते. हो, तीच. अण्णा पाटबंधारे ऑफिसची जीप चालवायचे आणि घरी येऊन ही पुसत बसायचे, तीच. गेल्या पावसाळ्यापासून तिचा तिसरा गिअर टिकत नव्हता. टाकला की जरा वेळानं खटकन बाहेर. मग मी काय करायची, उजव्या हातानं स्टिअरिंग आणि डाव्या हातानं दांडा गच्च धरून ठेवायचा. जालना रोडला ट्रक अंगावर येतायत आणि मी आपली दांडा धरून बसलेली. तहरीम मॅडम माझ्यासोबत असतात, त्या म्हणायच्या, "मॅडम, हात सोडा, मी धरते." असं दोघींनी मिळून गाडी चालवली!

सोमवारी शेंद्र्याच्या अलीकडं कुठलाच गिअर पडेना. क्लच दाबून पहिला टाकला, गाडी जागची हलेना, आतनं नुसता दळण दळल्यासारखा आवाज. दोरी बांधून चाचांच्या गॅरेजला आणली. बाबा पेट्रोल पंपाच्या मागंच आहे अजून, पाटी तेवढी नवीन लावलीय. चाचा गाडीखाली गेले, वर आले, हात पुसले आणि म्हणाले, "डब्बा गया, बेटी." मी मागच्या सीटवर बघितलं. म्हटलं, "नाही हो चाचा, डबा इथंच आहे, आज तर खाल्लाही नाही." सगळं गॅरेज हसलं. गिअरबॉक्सला डब्बा म्हणतात, हे मला कोण सांगणार होतं?

आणि हसता हसताच ते म्हणाले, "भूषण कैसा है? परसों आया था तो कित्ता सूख गया था."

मी हो-हो केलं. दुसरं काय करणार होते? माझा भाऊ गावात येऊन जातो आणि मला गॅरेजवाल्याकडनं कळतं, हे चारचौघांत कसं दाखवू? रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाल्यानं आरसा वळवून घेतला.

माय गेली तेव्हा तू आला नाहीस. ते मी गिळलं, म्हणजे गिळलं नाहीच, घशात अडकवून बसले. पण आता अण्णा आहेत रे. त्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. जेवण झालं की जेवायला मागतात. मला कधी मेघा म्हणतात, कधी केसर. माय समजून बोलायला लागले की मी नुसती हूं हूं करते. डॉक्टर म्हणाले, आत्ता माणसं ओळखतात तोवर ज्याला भेटायचं त्यानं भेटून घ्यावं. आणि ज्याला ते रोज विचारतात, "भूषण आला का?", तो बाबा पेट्रोल पंपापर्यंत येऊन परत जातो.

का आला होतास? गाडी विकायला काढायचीय का? की अण्णा आहेत का गेले, ते बघायला? मला काहीच कळेना झालंय. उत्तर दे.

मेघा

९ डिसेंबर

भूषण,

उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो म्हणून मनाची समजूत घालते, पण माझ्या मनाला समजूत घालून घ्यायची सवय नाही.

काल आणखी एक झालं. अण्णांना आंघोळ घालून उन्हात बसवलं होतं. नेहमीसारखं विचारलं त्यांनी, "भूषण आला का?" मी रोज म्हणते, नाही आला. काल डोकं तापलेलं होतं, म्हटलं, "आला होता म्हणे गावात, घरी नाही आला."

तर म्हणाले, "हां. गाडीत बसला होता."

मी जवळ सरकले. म्हटलं, "कधी अण्णा?"

"आत्ताच की."

"कुठल्या गाडीत?"

"आपल्या. दुसरी कुठली असती?"

आता बोल! आपली गाडी चाचांकडं पोट उघडून पडलीय, त्याच्या आधी माझ्याकडं शाळेच्या आवारात असायची. तू कुठल्या गाडीत बसलास? शेजारच्या सरूबाईला विचारलं, मी शाळेत असताना त्याच अण्णांकडं बघतात. त्या म्हणाल्या, "नाय बाई, चिटपाखरू आलं नाय. मी दारातच असते, आलं असतं तर मला दिसलं नसतं व्हय?" हे मात्र खरं. सरूबाईला चुकवून या गल्लीत कुणी येऊ शकत नाही.

मग अण्णांना भास झाला म्हणावं, तर चाचांनाही तोच भास कसा झाला? चाचांचं डोकं शाबूत आहे. रुपयाचा स्क्रू कुठं पडला तेही त्यांना आठवतं.

संध्याकाळी पुन्हा विचारायला गॅरेजला गेले. चाचा दुकानात नव्हते, जुना डब्बा शोधायला गेले होते. आपल्या गाडीचा नवा आता मिळतच नाही, मोडीत निघालेल्या गाडीचा काढून आणावा लागतो. गेल्या खेपेला ते म्हणाले होते, "परसों आओ, हो जाएगा." मी परवा धरून गेले, तर गाडी होती तशीच, जॅकवर. मी चिडले, तर त्यांचा माणूस म्हणतो, "परसों बोले ना, मॅडम." अरे, मग आज काय आहे? मी परत आले. गाडी नाही, भाऊ नाही आणि परवा कधी येतो त्याचाही पत्ता नाही.

खरं सांग भूषण, तू अण्णांना बाहेर कुठं भेटलास का? कुणाची गाडी घेऊन आला होतास का? मी चिडणार नाही. चिडेन, पण ऐकून घेईन.

मेघा

१७ डिसेंबर

भूषण,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं का त्याला? इतक्या वर्षांनी बहिणीला लिहिलंस आणि एवढंच: "ताई, मी परवाही आलो नाही आणि तेरवाही नाही. माय गेली त्याच्यानंतर मी संभाजीनगरला पाय ठेवलेला नाही. चाचांना म्हणावं चष्मा बदला. अण्णांना जप. त्यांना माझ्याबद्दल काही विचारत बसू नको."

वाचून आधी अक्षरच बघितलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडं पडणारं. तुला शाळेत घातलं तेव्हापासून त्या अक्षरासाठी मी तुला मारत आले. त्या अक्षराला हात लावून बसले थोडा वेळ, कबूल करते.

मग राग आला. कोण खोटं बोलतंय? चाचा म्हणतात आला होता. अण्णा म्हणतात गाडीत बसला होता. तू म्हणतोस आलोच नाही. बरं, तू आला नव्हतास तर नव्हतास, पण मग अण्णांना विचारू नको, हे कशासाठी? ज्याला लपवायचं काही नाही तो असं लिहितो का? मी वर्गात रोज चाळीस पोरांच्या थापा ऐकते रे. थाप कुठं आहे ते मला कळतं. इथं थाप आहे, एवढं नक्की कळतंय. कोणाची, ते कळत नाही. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

"माय गेली त्याच्यानंतर" असंही लिहिलंयस. त्याच्यानंतर म्हणजे? माय गेली तेव्हा तरी कुठं आला होतास? "उद्या निघतो, उद्या निघतो" म्हणत राहिलास आणि ती दाराकडं बघत गेली. तिचे डोळे मी मिटले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते, कारण आज मला तुझा फार राग आलाय.

अण्णा आज मला ओळखत नव्हते. सकाळभर. दुपारी पुन्हा "मेघे" म्हणाले. असं आता वरचेवर व्हायला लागलं. तुला कळतंय ना मी काय म्हणते ते?

चाचांचा निरोप आलाय, जालन्याच्या एका मोडीतल्या गाडीचा डब्बा मिळाला. उद्या उतरवतायत. मी जाणार आहे. समोर बसून विचारणार आहे.

मेघा

२१ डिसेंबर

प्रिय भूषण,

कसं लिहू ते समजत नाही. जसं झालं तसंच लिहिते.

शाळा सुटल्यावर तहरीम मॅडमच्या स्कूटीवर बसून गॅरेजला गेले. गाडी वर उचललेली, डब्बा खाली काढून ठेवलेला, काळाकुट्ट, तेलानं माखलेला. चाचांनी तो उघडून दाखवला. आतलं एक चाक दातपडकं झालं होतं. चाचांनी बोट फिरवलं आणि चुकचुकले. म्हणाले, "ये तो मैंनेच डाला था, बेटी. परसोंच तो डाला था. इतनी जल्दी नहीं जाने का."

मी म्हटलं, "चाचा, काय बोलता? परवा कुठनं टाकला? परवा गाडी इथंच पडली होती!"

"वो परसों नहीं. परसों!"

"अहो, पण परसों म्हणजे परवाच ना?"

"हौ. परसों."

मी इकडं तावातावानं परवा म्हणतेय, ते तिकडं हात मागं मागं नेऊन परसों म्हणतायत आणि तहरीम मॅडम पोट धरून हसतायत. मला राग आला. म्हटलं, "तुम्ही काय हसता?" तर म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरात परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस हो. माझी नानी म्हणायची, परसों निझाम था तब इतनी महंगाई नहीं थी!"

मीही हसले. आणि हसता हसताच थांबले. या शहरात जन्म गेला माझा आणि हा एक शब्द माझ्या कानावरनं नुसता जात राहिला.

म्हटलं, "चाचा, हा डब्बा कुठल्या परसोंला टाकला?"

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "तुम्हारी अम्मा की मिट्टी हुई ना, उस दिन गाड़ी आई थी. उसके बाद डाला."

"आणि भूषण?"

"वो भी उसी दिन. तुमको मालूम नहीं?"

नाही, मला मालूम नव्हतं. मी त्या दिवशी घरी बायकांच्या गराड्यात बसले होते. स्मशानातनं सगळी माणसं आली, अण्णाच आले नाहीत. दिवेलागणीला रिक्षानं आले. म्हणाले, गाडीचा गिअर अडकला, चाचाकडं सोडून आलो. मी पुढं काहीच विचारलं नाही. त्या दिवशी कोण गाडीचं विचारतं?

चाचांनी सगळं सांगितलं. तुला हे माहीतच आहे, पण मला कळलंय हे तुला कळावं म्हणून लिहिते. सुरतची ट्रॅव्हल्स पंपासमोर थांबली. तू बॅग घेऊन उतरलास, आपली गाडी दिसली म्हणून पळत आलास. अण्णा बाकड्यावर बसलेले. तू विचारलंस, "माय कुठंय?" आणि अण्णा म्हणाले, "झालं सगळं. आता कोणाला भेटतो? आल्या पावली परत जा. मेघीपुढं तोंड घेऊन जाऊ नको, ती मरून पडंल." चाचा म्हणाले, मी मधे पडलो, बच्चा आहे, असं करू नका कडुबाभाई म्हटलं. अण्णांनी ऐकलं नाही. तू गाडीत जाऊन बसलास. मागच्या सीटवर. गाडी जॅकवर, चाकं वर, आणि तू आत बसून रडतोयस. मग बॅग उचललीस आणि गेलास. अण्णांनी चाचांना शपथ घातली, घरी सांगायचं नाही. पण चाचांना वाटलं, एवढ्या काळात बाप-लेकाचं मिटलं असेल, बहिणीला कळलंच असेल. म्हणून सहज खुशाली विचारली.

भूषण, अरे, तू सांगितलं का नाहीस? मी तुला काय काय बोलले! रूपालीच्या आईला बोलले, पाहुण्यांत बोलले, शाळेतसुद्धा बोलले, की माझा भाऊ आईच्या मातीला आला नाही. तू आला होतास. उशिरा आलास, पण आला होतास. आणि अण्णांचं नाव माझ्यापुढं खाली जाऊ नये म्हणून गप्प बसलास ना? त्यांना माझ्याच हाती राहायचं होतं म्हणून? तुझ्या पत्रातली ती शेवटची ओळ आत्ता कळली मला. मी शिक्षक आहे म्हणे! थाप ओळखते म्हणे!

घरी आले ती भांडायच्याच तयारीनं. अण्णा खाटेवर बसले होते. समोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि ते म्हणाले, "केसर, चहा टाक." काय भांडू? कोणाशी भांडू? ज्यानं तुला परत लावलं तो माणूस आता घरात नाहीच. त्याच्या अंगावरचा सदरा घालून एक म्हातारं बसलंय आणि ते तुझी वाट बघतंय. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, दोन्ही एकदमच. चहा टाकला.

काल गाडी मिळाली. हा डब्बा पाच गिअरचा आहे, आपला चारचा होता. चाचांनी दांड्याची जोडणीही बदलून दिली. मी रिव्हर्स टाकायला जाते आणि पाचवा पडतो, गल्लीत हसं झालं. अण्णांना पुढं बसवून एक चक्कर मारली. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना आठवत नाही, त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "डब्बा बदलला व्हय?" मी म्हटलं, हो. मग मागच्या सीटकडं वळून बघितलं आणि मला रागावले, "पोरगं भुकेलं असंल. तू त्याला घरी का घेऊन येत नाहीस?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता ऐक. मी तुला ये म्हणणार नाही. तू एकदा आला होतास आणि आम्ही तुला दारापर्यंतही येऊ दिलं नाही. आम्ही म्हणजे अण्णांनी, पण आता त्यांचं जे काही आहे ते माझ्याच अंगावर आहे, हेही. नाताळाच्या सुट्टीला जोडून रजा टाकलीय. अण्णांना घेऊन निघतेय. राजकुमार सोबत आहे, घाट तो चालवेल. चाचांना विचारलं, सुरतपर्यंत जाईल का? म्हणाले, "नाशिक तक मेरी जिम्मेदारी, आगे ऊपरवाले की." तहरीम मॅडमनी वाटेसाठी दशम्या करून देते म्हटलंय.

अण्णांना कुठं चाललोय ते सांगितलंय. ते पुन्हा विसरतील. तुझ्या दारात पोचेपर्यंत तुला ओळखतील का, हेही मला माहीत नाही. कदाचित तुला विचारतील, "तुम्ही कोण?" ते तुझी माफी मागणार नाहीत, कारण मागायचं काय ते त्यांना ठाऊक नाही. तू त्यांना चार शब्द सुनावलेस तरी मी मधे पडणार नाही. परत जा म्हणालास तर गाडी वळवेन. तो तुझा हक्क आहे.

हे स्पीड पोस्टानं टाकतेय, आमच्या आधी पोचावं म्हणून.

पत्त्यात तिसरा मजला लिहिलाय. अण्णांना जिना चढवत नाही. तुलाच खाली यावं लागेल.

तुझी,
ताई